तीन प्रोटॉनांचा त्रिकोण

प्रश्न : गुरूच्या ध्रुवीय प्रकाशाविषयी वाचताना तीन हायड्रोजन अणूंच्या आयनाचा, म्हणजे विद्युतभारित रेणूचा, उल्लेख येतो. इतक्या दूरवरून तो ओळखतात कसा?

उत्तर : तीन प्रोटॉन (हायड्रोजनची अणुकेंद्रे) समभुज त्रिकोणाच्या टोकांवर आणि त्यांना बांधून ठेवणारे अवघे दोन इलेक्ट्रॉन, एवढीच या आयनाची रचना आहे. भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना तो १९११ मध्ये प्रयोगशाळेत आढळला. मात्र त्याची रचना इतकी सममित आहे की रेडिओ दुर्बिणींना हवा असलेला परिवलन वर्णपट, म्हणजे रेणूच्या फिरण्यातून उमटणाऱ्या रेषा, तो जवळजवळ देतच नाही, त्यामुळे भिस्त राहते ती त्याच्या कंपनांतून उमटणाऱ्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या प्रकाशातील) रेषांवर. या रेषा शास्त्रज्ञ ताकेशी ओका यांनी १९८० मध्ये प्रथम मोजल्या, आणि माझ्या मते पुढचे सारे संशोधन त्या चिकाटीच्या मोजमापावरच उभे आहे. सुमारे ४ मायक्रोमीटरच्या आसपास, जिथे गुरूच्या वातावरणातील मिथेन सूर्यप्रकाश शोषून घेतो, तिथे ग्रहाची तबकडी काळवंडते आणि दोन्ही ध्रुवांवर या आयनाची तेजस्वी वलये उठून दिसतात. रेषांच्या परस्पर तीव्रतेवरून तेथील तापमानही काढता येते. आंतरतारकीय ढगांमध्ये मात्र तो चमकत नाही. मागच्या ताऱ्याच्या प्रकाशात त्याच्या बारीक शोषणरेषा शोधाव्या लागतात, आणि त्या १९९६ मध्ये सापडल्या. तेथे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून वेगाने येणारे भारित कण, हायड्रोजन रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, उरलेला आयन दुसऱ्या रेणूला भिडतो आणि हा त्रिकोण जन्मतो.