रिंगा चढवण्याआधी गॅप मोज

भावा, रॅलीसाठी जिप्सीचं १३०० चं इंजिन बांधतोयस ना, मग पिस्टनच्या रिंगा पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवू नकोस; आधी गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट मोज. घासून जमवायचा सेट मिळाला तर तोच घे. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घाल, उलट्या पिस्टननं इंचभर खाली ढकल म्हणजे सरळ बसेल, मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लाव. टर्बो नसेल तर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या दर मिलिमीटरला ०.००४५ मिमी धर; ७४ च्या बोअरला वरच्या रिंगेचा गॅप ०.३३ च्या आसपास येतो. दुसरीला किंचित जास्त ठेव, नाहीतर मधे कोंडलेला गॅस वरच्या रिंगेला उचलतो. गॅप कमी पडला की तापल्यावर टोकं भिडतात, बोअर ओरबाडला जातो, कधी पिस्टनची लँडच (दोन रिंगांमधला कडा) तुटते. जास्त झाला तर थोडा ब्लोबाय, म्हणजे रिंगांच्या बाजूनं गॅस खाली निसटतो, एवढंच. म्हणून शंका आली की मोठ्याकडे झुक.

कानस एकाच टोकाला, बाहेरून आत. उलट ओढलीस तर रिंगेवरचा मॉलीचा (मॉलिब्डेनमचा) थर उडतो. होनिंगनंतर (बोअर दगडानं घासून घेतल्यावर) बोअर नुसत्या पेट्रोलनं पुसतात, ते मला अजिबात पटत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. तेलाचं पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. आणि सुरू केल्यावर तासभर आयडलला ठेवू नकोस, लोड दे.