जे आपल्या हातात नाही, त्याचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत कपात होणार आहे, यादी वरच्या पातळीवर ठरतेय, तुमचं नाव त्यात आहे की नाही ते कुणी सांगत नाही आणि रात्री तीनला जाग येते. वर भेटेल तो सांगतो, ‘जे हातात नाही ते सोडून द्यायचं.’ हे जमवायचं कसं, असा तुमचा प्रश्न. मी कधी कंपनीत काम केलेलं नाही. निफाड तालुक्यात आमची द्राक्षं आहेत. पण ‘सोडून द्यायचं’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो.

मार्च २०१४. त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता गारा सुरू झाल्या आणि मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, आमचा भाग, कुठे ना कुठे पडतच होत्या. माझी दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं काढणीला आली होती. व्यापारी येऊन गेला, मणी दाबून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, पाहिला, साडेपंधरा भरला. भाव सांगितला तो आंबट मालाचा. मी म्हटलं, चार-पाच दिवस थांबू, सतरा होऊ दे, मग बोलू. थोरला भाऊ म्हणत होता, देऊन टाक. पण बाग माझ्या वाटणीची. मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आभाळ पिवळट झालं. पत्र्यावर पहिला आवाज आला तो कुणी खडे मारतंय असा. मग शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. बारा-पंधरा मिनिटं चाललं असेल. थांबलं तेव्हा अंगण पांढरं झालं होतं आणि माझी चार वर्षांची मुलगी तांब्यात गारा भरत होती, अगदी खुशीत. मी बागेत गेलो. आधी जाणवला तो वास, चिरलेल्या पाल्याचा. पानांच्या चिंध्या चिखलाला चिकटलेल्या. घड मात्र जागेवर लोंबत होते, लांबून बघणाऱ्याला वाटावं काहीच झालं नाही. एक हातात धरला तर एका अंगाचे सगळे मणी फुटलेले, आणि रस बोटांवरून कोपरापर्यंत ओघळला. काड्यांची सालं सोलून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी माश्या. तिसऱ्या दिवशी आंबूस वास पार रस्त्यापर्यंत. त्याच दिवशी एक पाहुणे आले, ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, ‘अहो, हे काय आपल्या हातात असतं का? सोडून द्यायचं.’ फुटलेला घड वेलीवर सोडून देता येत नाही. तो सडतो आणि बागेत रोग वाढवतो. सगळा माल कापून बाहेर काढावा लागतो, मजुरी घरची घालून, आणि त्याचा एक रुपया येत नाही. मला त्या दिवशी कात्री धरणारे हात हवे होते. पाहुण्यांनी कप ठेवला आणि गेले. हा सल्ला देणाऱ्याला स्वतः काही उचलावं लागत नाही, म्हणून तो इतका स्वस्त आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. तुम्हालाही जे हे सांगतात, त्यांचं नाव त्या यादीत येणार आहे का, तेवढं विचारा.

त्रास होऊ नये, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. वर्षभराची मेहनत बारा मिनिटांत गेली तर रडू येणारच. मी रडलो, आणि सरळ सांगतो, जवळजवळ तीन आठवडे घराबाहेर पडलो नाही. माल कापणं, पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा त्यांच्याबरोबर फिरणं, काड्यांवर बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी, सगळं बायकोने केलं. एप्रिल लागला तशी ती एका सकाळी म्हणाली, ‘खरड छाटणीला उशीर झाला तर काडी पावसात सापडेल. पेठचे मजूर यायला तयार आहेत. मी येऊ देऊ का नको, एवढंच सांगा.’

द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको, पण तुमच्यासाठी लिहितो. एप्रिलमध्ये वेल खरडून छाटतात, नवी काडी फुटते, आणि तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरायचा की नाही ते छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच ठरतं. त्या दिवसांत काड्यांची गर्दी झाली, डोळ्यावर ऊन पडलं नाही, पाणी जास्त झालं, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा रिकामा ताणा, निघते. म्हणजे मी घरात बसून २०१४ चं सुतक पाळत होतो, तेव्हा २०१५ चं पीक बाहेर ठरायला निघालं होतं. मी उठलो तो बाग वाचवायला. मन शांत झालं नव्हतं. ते पुढे विरळणी करताना कधीतरी झालं, कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही.

आता दादाचं, म्हणजे त्या थोरल्या भावाचं. गारपिटीनंतर दहा-बारा दिवसांनी, चार माणसांत तो म्हणाला, ‘गारा देवाच्या हातात, पण सौदा तर तुझ्या हातात होता ना?’ हे वाक्य त्यानंतर दोन लग्नांत आणि एका दशक्रियेला मी पुन्हा ऐकलं आहे. माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. साडेपंधरा ब्रिक्सला माल धरून ठेवणं हा त्या दिवशी बरोबर निर्णय होता. अर्धा गाव थांबला होता. गारा पडल्या नसत्या तर किलोमागे चार रुपये जास्त मिळाले असते, दोन एकरांत साठ-सत्तर हजार, आणि हाच दादा म्हणाला असता, धीर धरलास ते बरं केलंस. नंतर काय घडलं ते पाहून आधीचा निर्णय तोलायचा, हा अन्याय आहे. तुमचं नाव यादीत आलंच तर घरातलं कुणीतरी म्हणेल, ‘मागच्या वर्षी ती दुसरी नोकरी घेतली असतीस तर!’ त्या दिवशी तुम्हाला जे माहीत होतं, त्यावर तुम्ही ठरवलंत. हे ज्याला पटत नाही त्याच्याशी वाद घालू नका. मी दहा वर्षं घातला, काही हाती लागलं नाही.

तुमच्या बाबतीत एवढंच सांगेन. यादी म्हणजे गार आहे. पण घरात किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, हप्ते किती, कुणाला फोन करायचे, हे सगळं तुमच्याकडे आहे. ते रात्री तीनला मोजू नका, सकाळी उजेडात कागदावर मोजा. आणि झोप खरंच आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या भागात असे फोन वेळेत न केलेली घरं मी पाहिली आहेत.

२६ नोव्हेंबर २०२३ ला पुन्हा गारपीट झाली. गार पट्ट्याने पडते. त्या दिवशी पट्टा दादाच्या बागेवरून गेला, माझी बरीचशी वाचली. त्याने फळ धरायची छाटणी लवकर घेतली होती, मणी धरले होते, सगळे ठेचले. संध्याकाळी मी ब्लोअर घेऊन त्याच्या बांधावर गेलो. छाटणीचं तो काही बोलला नाही, मीही नाही. अंधार पडेपर्यंत फवारलं.

एक गोष्ट मात्र त्याला अजून सांगितलेली नाही. मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यातल्या गारांचे फोटो रोज पेपरात येत होते आणि मी ते पाहत होतो. सगळा माल देऊन टाकायची गरज नव्हती, पण दोनातला एक एकर त्या आंबट भावाला देता आला असता. ते माझ्या हातात होतं. तेव्हापासून पहिला एकर मी मिळेल त्या भावाला काढतो आणि थांबायचं ते उरलेल्यासाठी थांबतो.