वाचकांचे प्रश्न : हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या स्त्रिया

प्रश्न : माझ्याकडे हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना आहे आणि आता प्रशिक्षक व्हावे असे मनात आहे. माझे वजन ५४ किलो आहे. घाबरलेल्या धिप्पाड विद्यार्थ्याने नियंत्रणे घट्ट धरून ठेवली, तर ती तुला सोडवता येणार नाहीत, असे सहकारी म्हणतात. यात तथ्य किती?

उत्तर : भीती खरी आहे, पण ती एकट्या तुमच्यासाठी नाही. विद्यार्थ्याने पेडलवर (हेलिकॉप्टरचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्टीवर) पाय ताठ रोवला, तर शेजारी बसलेला दणकट पुरुष प्रशिक्षकही तो हटवू शकेलच असे नाही, आणि जमिनीपासून दोन मीटरवर हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहताना, ओढाताणीला वेळही मिळत नाही. म्हणून ही अडचण उड्डाणापूर्वीच दूर करावी लागते. प्रशिक्षकाने ‘नियंत्रण माझ्याकडे’ म्हणताच विद्यार्थ्याने ‘नियंत्रण तुमच्याकडे’ असे उत्तर देऊन हातपाय सोडायचे आणि प्रशिक्षकाने आपले वाक्य पुन्हा उच्चारायचे, ही देवाणघेवाण इंजिन बंद असताना इतक्या वेळा घोटून घ्या, की विद्यार्थ्याच्या हातून ती विचार न करता घडावी.

एरवी हे काम ताकदीचे नाहीच. प्रशिक्षणासाठी अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ मध्ये हायड्रॉलिक साहाय्य (द्रवदाबाने दांडा हलका करणारी यंत्रणा) नसूनही सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे व बाजूंना कलवणारा दांडा, हलक्या हाताने चालतो. उलट नवशिका घट्ट धरतो म्हणूनच त्याचे हेलिकॉप्टर डोलत राहते. खरी कसोटी ऑटोरोटेशनची, म्हणजे इंजिनाच्या शक्तीशिवाय, खालून येणाऱ्या हवेवर रोटर (वरची फिरती पाती) फिरत ठेवून उतरण्याची. या हेलिकॉप्टरचा रोटर वजनाने हलका असल्यामुळे इंजिनाची शक्ती अचानक गेली आणि एक-दीड सेकंदात कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकदम बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) खाली नेला नाही, तर रोटरचे फेरे पुन्हा सावरता येणार नाहीत इतके घटू शकतात. त्या क्षणी प्रशिक्षिकेचा हात कलेक्टिव्हपासून किती अंतरावर होता, यावर सारे अवलंबून असते. विद्यार्थ्याला चूक करू द्यायची, पण ती आपल्याला सावरता येईल इतक्याच टप्प्यापर्यंत, हे भान यायला फार काळ लागतो, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड भाग तोच आहे.

वजनाचा मुद्दा मात्र तुम्ही गांभीर्याने घ्यावा. आर-२२ एकट्याने उडवणाऱ्याचे वजन किमान ५९ किलो असावे, अशी अट आहे. त्याहून कमी असल्यास वजन आणि तोल यांचा हिशेब मर्यादेत बसतो हे तपासावे लागते आणि गरज पडल्यास जादा भार ठेवावा लागतो. शिकवताना हेच कमी वजन तुमच्या पथ्यावर पडते. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन ६२२ किलोंपलीकडे जाऊ शकत नसल्याने, अंगाने भारी असलेल्या विद्यार्थ्याबरोबर तुम्ही वजनदार सहकाऱ्यापेक्षा अधिक इंधन घेऊन निघू शकता. शिवाय पहिल्या एकट्या उड्डाणात शेजारची सीट रिकामी झाली, की तोल बदलतो आणि हॉवरला कमी शक्ती लागते. तुमच्या विद्यार्थ्याला हा बदल तुलनेने कमी जाणवेल. तरीही त्याची कल्पना त्याला आधी द्यायलाच हवी.

प्रश्न : हेलिकॉप्टर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रिया कोण?

उत्तर : जर्मनीच्या हाना राइच यांनी १९३८ मध्ये बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात फॉके-वुल्फ एफडब्ल्यू-६१ उडवून दाखवले. त्यांचे कौशल्य वादातीत असले, तरी नाझी राजवटीवरील त्यांची निष्ठा विसरता येत नाही. मला अधिक आदर वाटतो तो फ्रेंच लष्करातील शल्यविशारद व्हॅलेरी आंद्रे यांच्याविषयी. इंडोचायनाच्या युद्धात त्या स्वतः हेलिकॉप्टर चालवून जखमींना आणत आणि पुढे १९७६ मध्ये त्या फ्रान्सच्या पहिल्या स्त्री जनरल झाल्या. या दोघींसह तीन देशांतील १३ जणींनी १९५५ मध्ये ‘व्हर्ली-गर्ल्स’ ही संघटना सुरू केली. ही संघटना आजही स्त्रियांना हेलिकॉप्टर प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते.

प्रश्न : मी नुकतीच प्रशिक्षिका झाले आहे. एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी पुरुष प्रशिक्षक मागितला. मी काय करावे?

उत्तर : त्याच्याशी स्वतःच्या पात्रतेविषयी वाद घालू नका. अमेरिकेत १९९५ मध्ये लागू झालेल्या विशेष नियमानुसार आर-२२ शिकवण्यासाठी हेलिकॉप्टर उड्डाणाचे २०० तास आणि त्यांपैकी ५० तास त्याच प्रकारावर लागतात. युरोपात प्रशिक्षक होण्याकरिता व्यावसायिक परवानाधारकाला २५० तास पूर्ण करावे लागतात. अशा अटींत स्त्रियांना कोठेही सवलत नाही, आणि हे त्या विद्यार्थ्याला संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकाने सांगावे, तुम्ही नव्हे. मुख्य प्रशिक्षकाने मुकाट्याने प्रशिक्षक बदलून दिला, तर तुमचे तासही जातील आणि पुढच्या विद्यार्थ्यांनाही चुकीचा संदेश मिळेल. तेव्हा आपली हरकत लेखी नोंदवा.

तो तुमच्याबरोबर उडायला तयार झालाच, तर त्याची मर्जी राखण्यासाठी मोजमाप सैल करू नका आणि राग धरून ते कडकही करू नका. उड्डाणानंतर त्याच्या चुका नेमक्या शब्दांत सांगा : रोटरचे फेरे कुठे घटले, नजर उपकरणांवर किती वेळ खिळली, उतरताना वेग केव्हा हाताबाहेर जाऊ लागला. एकट्याने उडण्यापूर्वी त्याला प्रशिक्षकाची सही घ्यावी लागेल, आणि तो तयार आहे असे तुम्हाला खरोखर वाटेपर्यंत ती देऊ नका.