अमेरिकेत जुनी २०१३ ची सायन एफआर-एस ही छोटी स्पोर्ट्स कार घ्यावी, की जास्त पैसे घालून जुनी पोर्शे केमन?

गाडी चालवायची हौस असेल तर सायनच घ्या. २ लिटरचं बॉक्सर इंजिन (म्हणजे सिलिंडर आडवे, समोरासमोर), २०० अश्वशक्ती, वजन जेमतेम साडेबाराशे किलो आणि जोर मागच्या चाकांना. आकडे केमनपुढे फिके आहेत, हे खरं. पण पावसात ओल्या ऑन-रँपवर, म्हणजे हायवेवर चढायच्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये वळवून बघा. टायर फक्त २१५ मिलिमीटर रुंद, त्यामुळे पकड सुटायला लागली की आधी कमरेला कळतं आणि सावरायला वेळ मिळतो. तेवढी मजा घ्यायला केमन बरीच जोरात न्यावी लागते. ४,००० आरपीएमच्या आसपास हिचा दम जरा कमी पडतो, तिथे गिअर खाली घ्यायचा. मला ते आवडतं; रोज हायवेवर तासन्‌तास जाणाऱ्याला नाही आवडणार.

एक मात्र नक्की तपासा. २०१३ च्या मॉडेलसाठी इंजिनातल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल निघाला होता, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात इंजिन खोलावं लागतं, म्हणून काम झालंय का आणि नंतर गाडी किती मैल चालली, हे कागदांवर बघा. सायन ब्रँड २०१६ मध्ये बंद झाला, पण गाडी टोयोटाचीच. सर्व्हिस टोयोटाकडे होते. मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, सामान ठेवा.