हवालदारबाब, आधी रजेत करून बघा

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातला. सिग्नल कोअरमध्ये हवालदार, ट्रेड लाइनमनचा. वय ४२. २४ वर्षांची सर्व्हिस संपवून पुढच्या वर्षी पेन्शनवर घरी येईन. चवथीला आलो की जो भेटतो तो सल्ला देतो. बाबा म्हणतात, मोपाचा विमानतळ दाराशी आलाय, सिक्युरिटीत लाग. मेव्हणा म्हणतो, पेन्शन विक, म्हणजे तिचा काही भाग सोडून एकरकमी पैसे उचल, आणि टॅक्सी घे. बायको म्हणते, तुम्हाला आवडेल ते करा. खरं सांगायचं तर मला काय आवडतं तेच मला माहीत नाही. अठराव्या वर्षी भरती झालो, पोस्टिंग आली तिथे गेलो, दिलं ते काम केलं. मधली दोन-तीन वर्षं ट्रेनिंग सेंटरला रिक्रूटांना केबल जोडायला शिकवत होतो, तेवढे दिवस बरे गेले. घराचं कर्ज आहे, मुलगी बारावीत आहे. काय करू?

— एक हवालदार, पेडणे

उत्तर : हवालदारबाब, पत्रात ट्रेनिंग सेंटरचं ते एकच वाक्य तुम्ही स्वतःच्या आवडीबद्दल लिहिलंय. बाकी सगळे बाबा, मेव्हणा आणि कर्ज. म्हणून मी तिथूनच धरतो. त्या दिवसांत नेमकं काय बरं वाटत होतं? पोरांना शिकवणं? संध्याकाळी क्वार्टरवर बायको-मुलांत परतणं? की हातात केबल आणि औजारं असणं? पहिलं असेल तर तुम्ही शिकवण्याच्या कामाकडे जायला हवं. दुसरं असेल तर ठरल्या वेळेची कुठलीही नोकरी चालेल, अगदी बँकेतलीसुद्धा. आणि हातांचं सुख असेल तर गावोगाव फायबर टाकणाऱ्यांना तुमच्यासारखा माणूस हवाच असतो. यातलं कुठलं खरं, ते मी इथे वाळपईत बसून सांगू शकत नाही.

आवड माहीत नाही याची लाज वाटून घेऊ नका. उठायचं किती वाजता, राहायचं कुठे, कोणाच्या हाताखाली, हे सगळं तुमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं. तुम्हाला हा प्रश्न आत्ता कुठे पहिल्यांदा विचारला जातोय.

मी ईएमईतून, म्हणजे फौजेच्या यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं स्टोअरची रजिस्टरं सांभाळण्यात गेली, त्यामुळे डिस्चार्ज बुक बघून कोणीही मला स्टोअरकीपरच केलं असतं. घरी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या कुळागरातले, म्हणजे सुपारीच्या बागेतले, पंप दुरुस्त करत बसलो. पैसे फारसे मिळाले नाहीत, पण पंप उघडला की जेवायची आठवण राहत नसे. त्याच दिवसांत एका हॉटेलात सुपरवायझर म्हणूनही उभा राहून बघितलं. तिथे मी सारखा घड्याळाकडे बघायचो. मग निवड अवघड राहिली नाही. आज माझं पंपांचंच दुकान आहे.

तेव्हा आधी वहिनींना विचारा. ‘तुम्हाला आवडेल ते करा’ एवढ्यावर त्यांना सोडू नका. फोनवर मी कुठल्या कामाबद्दल आपणहून बोलायचो? कुठल्या पोस्टिंगवरून रजेवर आलो की घरात चिडचिड करायचो? त्यांना हे तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. तुमच्या हाताखाली राहिलेल्या आणि आता दुसऱ्या युनिटला असलेल्या एखाद्या जवानालाही फोन करा. त्याला आता तुमची भीती नाही, तो खरं बोलेल.

मग वार्षिक रजेचे ६० दिवस आहेत. त्यातले काही घरच्या कामांतून सोडवा. गावातल्या चार-पाच पोरांना संध्याकाळी वायरिंग शिकवून बघा. रिक्रूट सावधानमध्ये उभा राहून ऐकतो. ही पोरं उशिरा येतील, मोबाइल बघतील, मध्येच उठून जातील. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघावीशी वाटली, तर तुम्हाला शिकवणं आवडतं असं समजा. आयटीआयत शिकवायचं तर सीआयटीएस हा प्रशिक्षकांचा एक वर्षाचा कोर्स असतो, त्याची चौकशी तेव्हा करा. टॅक्सीवाल्या ओळखीच्या माणसाशेजारीही बसून बघा, आणि ते पावसाळ्यात बघा, पर्यटक कमी असतात तेव्हा. बाबांचा सल्लाही उडवून लावू नका. पहारा, ठरलेली ड्युटी आणि शिस्त यांत समाधानी असलेले माजी सैनिक मी पाहिलेत. फक्त रात्रपाळीच्या एखाद्याबरोबर बसून बोला, म्हणजे बारा-बारा तास उभं राहणं मानवेल का ते कळेल. तिथला विशीतला मॅनेजर तुम्हाला ‘साहेब’ म्हणणार नाही, तेही मानवायला हवं.

पेन्शन विकण्याबद्दल माझं मत कडक आहे. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत साठीच्या जवळ. मुलीचं शिक्षण आणि घराचे हप्ते याच मधल्या वर्षांत येणार. ज्या कामात आपला जीव रमतो की नाही हे माहीत नाही, त्या कामाच्या गाडीवर हा पैसा टाकू नका.

नोकरीचंही तसंच. केंद्र सरकारच्या क गटातल्या १० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. वयाचीही अडचण नाही, कारण तुमच्या वयातून सगळी सर्व्हिस आणि वर आणखी ३ वर्षं वजा होतात. पण राखीव जागेवर एकदा रुजू झालात की पुढच्या सरकारी नोकरीसाठी तो आरक्षणाचा लाभ साधारणपणे उरत नाही. घाईघाईने पहिल्याच मिळालेल्या जागेवर तो खर्च करून बसलेले लोक मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

एक काम मात्र रजेची वाट न बघता करा. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजीआर, निवृत्तीआधी जवानांना कोर्स देतं आणि फी सरकार भरतं. सगळे घेतात म्हणून सिक्युरिटी सुपरवायझरच्या रकान्यात खूण करू नका. यादी मागवा, वहिनींना फोनवर वाचून दाखवा, त्यांची उत्तरं ऐका आणि मगच युनिटच्या ऑफिसात अर्ज द्या. पुढच्या वर्षी येताय म्हणजे मुदत फार उरलेली नाही. हेडक्लार्कना याच आठवड्यात भेटा.