थ्रॅश मेटलमधले कमी ऐकलेले बँड ॲप का सुचवत नाही, आणि मग ते शोधायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थ्रॅश, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटल, त्यातले मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स ऐकून झाले, क्रिएटर-सोडम-डिस्ट्रक्शनही झाले, पण स्पॉटिफायसारख्या ॲपवर रेडिओ (एका गाण्यावरून किंवा बँडवरून आपोआप बनणारी यादी) लावला की फिरून फिरून तेच पंधरा-वीस बँड येतात. याच्या पुढे कसं जायचं, आणि ऐकायचं कुठे?

ॲपचं गणितच तसं आहे. हे ऐकणारे आणखी काय ऐकतात, या गाण्याशेजारी लोकांच्या प्लेलिस्टमध्ये दुसरं कोणतं गाणं असतं, यावर बरीचशी शिफारस ठरते. ज्या बँडला ऐकणारेच मोजके, त्याच्याबद्दल ॲपकडे माहितीही मोजकीच. त्यात सुरुवात मेटालिकापासून केलीत तर अख्ख्या जगातल्या रॉक ऐकणाऱ्यांची आवड तुमच्या रेडिओत येऊन बसते. म्हणून रेडिओ मोठ्या बँडवरून लावूच नका. डिमॉलिशन हॅमर किंवा मॉर्बिड सेंटच्या गाण्यावरून लावा. बँडच्या पानावर 'चाहत्यांना हेही आवडतं' अशी यादी असते, तिथे सर्वांत कमी श्रोते असलेला बँड निवडा, त्याच्या पानावर जाऊन पुन्हा तेच करा. तिसऱ्या-चौथ्या उडीला बहुतेक अनोळखी नावं लागतात. खातं घरातले इतरही वापरत असतील, तर स्पॉटिफायवर त्यांच्या प्लेलिस्ट 'टेस्ट प्रोफाइल'मधून (ॲपने बांधलेल्या तुमच्या आवडीच्या अंदाजातून) वगळता येतात. ते आधी करा.

तरीही ॲपला वाटाड्या समजू नये, असं माझं मत. खरी वाट अल्बमच्या श्रेयनामावलीतून जाते: निर्माता कोण, स्टुडिओ कोणता, ड्रमवर कोण, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) कोणतं. क्रिएटरचा 'प्लेझर टू किल' (१९८६) आवडतो ना? त्याचा निर्माता हॅरिस जॉन्स. सोडम आणि टँकार्डबरोबरही त्याने काम केलं, आणि कॅनडातल्या व्हॉयव्हॉडचा 'किलिंग टेक्नॉलॉजी' (१९८७) त्याचाच. जर्मन थ्रॅशवरून व्हॉयव्हॉडसारख्या तिरपागड्या बँडपाशी कोणताही रेडिओ तुम्हाला इतक्या सरळ नेणार नाही. दुसरी साखळी: सेपल्तुराचा 'बिनीथ द रिमेन्स' (१९८९) स्कॉट बर्न्सने केला. त्याच माणसाच्या कामात न्यूयॉर्कच्या डिमॉलिशन हॅमरचा 'टॉर्चर्ड एक्झिस्टन्स' (१९९०) आणि टेक्ससच्या डिव्हास्टेशनचा 'आयडॉलट्री' (१९९१) सापडतात. हे दोन अल्बम ऐकले नसतील, तर आजच्या रात्रीची सोय झाली.

वादकांच्या साखळ्या तर आणखी सोप्या. स्लेयरचा ड्रमर पॉल बोस्टाफ त्याआधी फॉरबिडनमध्ये होता. 'फॉरबिडन ईव्हिल' (१९८८) ऐका. मशीन हेडच्या रॉब फ्लिनमागे जा, की व्हायोलन्सचा 'इटर्नल नाइटमेअर' (१९८८) हाती येतो. डेथ या बँडच्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'वर (१९९३) बास स्टीव्ह डिजॉर्जिओचा आणि ड्रम जीन होगलनचे. पहिला तुम्हाला सेडसकडे नेतो, दुसरा डार्क एंजलकडे. डार्क एंजलचा 'डार्कनेस डिसेंड्स' (१९८६) आधी घ्या. त्यांच्या १९९१ च्या अल्बमची जाहिरात '९ गाणी, ६७ मिनिटं, २४६ रिफ' अशी झाली होती (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून). तो पचवायला सवय लागते.

ॲपमध्ये जुन्या अल्बमची श्रेयं बहुधा गीतकाराच्या नावापाशीच संपतात. त्यासाठी मेटल आर्काइव्ह्ज, म्हणजेच एन्सायक्लोपीडिया मेटॅलम उघडा. २००२ पासून चालू असलेल्या या कोशात गाणी नाहीत, पण प्रत्येक बँडचे आजी-माजी सदस्य आणि त्यांचे इतर बँड दुव्यांसकट आहेत. प्रगत शोधात प्रकार थ्रॅश, एखादा देश आणि १९८५ ते १९९१ अशी वर्षं टाका. स्वित्झर्लंड टाकलंत तर कोरोनर मिळेल (१९८६ च्या त्यांच्या डेमोवर, म्हणजे अल्बमआधीच्या नमुना-रेकॉर्डिंगवर, सेल्टिक फ्रॉस्टचा टॉम वॉरियर गायला आहे), डेन्मार्क टाकलंत तर आर्टिलरी. तिथे परीक्षणांत अल्बमला दिलेल्या टक्क्यांवर मात्र विसंबू नका. दोनच परीक्षणं असतील तर सरासरीला काही अर्थ नसतो. शिव्या घालणारं परीक्षण आवर्जून वाचा. 'गाणी फार लांब, रिफ फार' अशी तक्रार असेल तर कदाचित तो अल्बम तुमच्यासाठीच आहे.

मेगाडेथची गुंतागुंत आवडत असेल तर आर्टिलरीचा 'बाय इनहेरिटन्स' (१९९०), हीदनचा 'व्हिक्टिम्स ऑफ डिसेप्शन' (१९९१), कोरोनरचा 'नो मोअर कलर' (१९८९). नुसता वेग हवा असेल तर कॅनडाच्या रेझरचा 'व्हायोलंट रेस्टिट्यूशन' (१९८८). नव्यांपैकी व्हेक्टरचा 'टर्मिनल रिडक्स' (२०१६), पण सलग तासभर मोकळा असेल तेव्हाच.

आता ऐकण्याकडे. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती आवृत्तीची. १९८० च्या दशकातली लेबलं विकली गेली, बुडाली, हक्क इकडून तिकडे गेले. म्हणून काही अल्बम एका देशात दिसतात, दुसऱ्या देशात करडे पडतात, म्हणजे नाव दिसतं पण वाजत नाहीत. मूळ नसेल तिथे पुन्हा रेकॉर्ड केलेली आवृत्ती पुढे येते. एक्सोडसचा 'बाँडेड बाय ब्लड' (१९८५) पॉल बॅलॉफच्या आवाजात आहे. २००८ चा 'लेट देअर बी ब्लड' म्हणजे तीच गाणी नव्या संचात, रॉब ड्यूक्सच्या आवाजात. टेस्टामेंटचा 'फर्स्ट स्ट्राइक स्टिल डेडली' (२००१) आणि डिस्ट्रक्शनचा 'थ्रॅश अँथम्स' (२००७) याच जातीचे. ॲपवरचं वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यामुळे गाण्यांची लांबी आर्काइव्ह्जशी ताडून पाहा. दहा-वीस सेकंदांचा फरक प्रत्येक गाण्यात असेल तर रेकॉर्डिंगच वेगळं.

नावांचा घोळही असतोच. सबॅट नावाचा एक बँड इंग्लंडचा, एक जपानचा; स्लॉटर एक टोरंटोचा, आणि दुसरा चक्क ग्लॅम मेटलवाला (चकचकीत, गोड चालींचा मेटल). ॲप कधीकधी यांचे अल्बम एकाच पानावर कोंबतं.

रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने घडवलेली आवृत्ती) निवडताना आवाजाच्या पातळीला भुलू नका. नव्या आवृत्त्या बऱ्याचदा आवाजातला चढउतार दाबून मोठ्या केलेल्या असतात आणि मोठं ते आधी चांगलंच वाटतं. स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी सारख्या पातळीवर आणणारी सोय, चालू ठेवा (नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस; हे जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणि मग दोन आवृत्त्या ताडा: सारख्या पातळीवर जुन्या मास्टरिंगचा स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ठसठशीत लागतो, दाबलेला सपाट. क्रॉसफेड (एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळणं) शून्यावर न्या, नाहीतर शांत गिटारच्या सुरुवातीवरून मुख्य रिफ कोसळतो ती जागाच वाया जाते. दर्जा ३२० केबीपीएस किंवा लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळणारा) ठेवा. ९६ वर सगळ्यात आधी झांजांचा चोथा होतो.

लहान बँडच्या हाती पैसे पडावेत असं वाटत असेल, तर २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, हे लक्षात असू द्या. शिवाय ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम धरली जाते. बँडकँप, जिथे बँड स्वतःचं संगीत थेट विकतात ती साइट, डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं. तिथे एकदा विकत घेतलं की एमपी३, फ्लॅक (लॉसलेस फाइल) वगैरे हव्या त्या स्वरूपात उतरवता येतं. मात्र ते पान बँडचं किंवा लेबलचंच आहे ना, हे त्यांच्या अधिकृत दुव्यावरून बघा. जुने अल्बम परस्पर विकणारी खातीही असतात.

विकत घेतलेलं स्पॉटिफायमध्येच ऐकायचं असेल तर एमपी३ उतरवा. संगणकावरच्या ॲपच्या सेटिंगमध्ये 'लोकल फाइल्स' चालू करून फोल्डर जोडा, गाणी एका प्लेलिस्टमध्ये टाका. मग फोनवरही तीच सेटिंग चालू करा, दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर आणून प्लेलिस्ट डाउनलोड करा. गाणी करडीच राहिली तर बहुधा संगणकाची फायरवॉल आडवी आलेली असते, किंवा फोनवर ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी दिलेली नसते. आणि फाइल टाकण्याआधी टॅगमध्ये (फाइलमध्ये साठवलेल्या गाण्याच्या माहितीत) बँडच्या नावापुढे देशही लिहा, नाहीतर दोन्ही सबॅट तुमच्याकडेही एकाच पानावर नांदायला लागतील.