बाबा पुन्हा तेच विचारतात : स्वीकाराविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत ‘स्वीकार’ हा शब्द कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आला आहे. त्यांतील तीन पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तसा प्रसंग आज अनेक घरांत चालू आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने फारसे बोलले जात नाही.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे असून ते माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. आईला जाऊन चार वर्षे झाली, तरी ते दिवसातून दहा-बारा वेळा ‘तुझी आई कुठे गेली?’ असे विचारतात. मी दर वेळी खरे ते सांगते आणि दर वेळी ते नव्याने रडतात. कधी मी चिडते, ‘आत्ताच तर सांगितले ना’ म्हणून ओरडते आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत राहते. नातेवाईक म्हणतात, ‘आता हे स्वीकार.’ हा शब्द ऐकला की मला संताप येतो. स्वीकारायचे म्हणजे वडिलांची आशाच सोडून द्यायची का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा संताप मला योग्य वाटतो. ‘स्वीकार’ हा शब्द नातेवाइकांच्या तोंडी अनेकदा ‘आता रडू नकोस, आम्हाला ते ऐकवत नाही’ एवढ्याच अर्थाने येतो, आणि ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला ते बरोबर कळते. मी हा शब्द वापरतो तो निराळ्या अर्थाने. समोर जे घडते आहे ते, आपल्याला आवडो वा न आवडो, जसे आहे तसे पाहणे आणि पुढची कृती त्या पाहण्यावरून ठरवणे, एवढाच तो अर्थ आहे. त्यात आशा सोडणे येत नाही आणि उपचार थांबवणे तर मुळीच येत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत जसे आहे तसे पाहायचे म्हणजे काय पाहायचे? आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. या आजारात साधारणपणे सुरुवातीलाच मेंदूच्या ज्या भागाची हानी होते, त्या भागाकडे नव्या आठवणी साठवण्याचे काम असते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी शिकवलेली प्रमेये वडिलांना आजही सांगता येत असतील, परंतु दहा मिनिटांपूर्वी तुम्ही दिलेले उत्तर त्यांच्या मेंदूत उमटलेलेच नसते. ते तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाहीत आणि मुद्दाम छळतही नाहीत. त्यांच्यापुरता तो प्रश्न प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारलेला असतो, आणि म्हणूनच तुमच्या आईच्या मृत्यूची बातमीही त्यांना प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळते. शिवाय प्रसंग विसरला गेला तरी त्यातून आलेली अस्वस्थता मनात बराच वेळ रेंगाळते, हेही ध्यानात घ्या. तुम्ही सांगितलेले सत्य त्यांच्याजवळ राहत नाही, दुःख मात्र राहते.

यासाठी माझा सल्ला असा आहे की प्रश्नाच्या शब्दांना उत्तर देण्याऐवजी त्यामागच्या भावनेला उत्तर द्यावे. ‘आईची आठवण येते आहे ना? मलाही येते. तिच्या हातची आमटी तुम्हाला किती आवडायची!’ असे म्हणून त्यांच्याजवळ बसावे, जुना अल्बम काढावा, चहा ठेवावा. आपण खोटे वागतो आहोत असे तुम्हाला वाटेल. आजाराच्या सुरुवातीला, सांगितलेले लक्षात राहण्याची शक्यता असताना, सत्य शांतपणे सांगणे योग्यच असते. आता मात्र सत्य सांगण्याचा जो हेतू, म्हणजे समोरच्याला समजावे, तोच साधत नाही. अशा वेळी त्यांना दिवसातून दहा वेळा विधुर करण्यात कोणताही प्रामाणिकपणा आहे असे मला वाटत नाही.

ज्या गोष्टी स्वीकारू नयेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. विसरण्याच्या सर्व तक्रारी अल्झायमरच्या नसतात. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि त्यांवर इलाज आहेत. या तपासण्या झाल्या नसतील तर न्यूरॉलॉजिस्टना त्याविषयी जरूर विचारा. एखाद्या दिवशी वडिलांची स्थिती अचानक बिघडली, गोंधळ एकाएकी वाढला किंवा ते सुस्त पडून राहू लागले, तर ‘आजारच वाढला असेल’ असे मानून घरी बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा बदललेले औषध हे त्याचे कारण असू शकते आणि त्यावर तातडीने उपचार लागतात. डोनेपेझिलसारख्या औषधांनी आजार बरा होत नाही, परंतु काही रुग्णांची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात. ऐकू कमी येत असेल किंवा चष्म्याचा नंबर बदलला असेल तर त्याचीही सोय करावी, कारण नीट न ऐकू येणे आणि न दिसणे यांमुळे गोंधळ वाढतो.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रात एक दुःख आहे, ज्याला तुम्ही नाव दिलेले नाही. अमेरिकेतील पॉलीन बॉस या संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि माणूस धड गेलेला नाही व धड उरलेलाही नाही, अशा वियोगाचा विचार मांडला. पुढे त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांकडेही याच दृष्टीने पाहिले. आपल्याकडे माणूस गेला की दहावे-तेरावे होते, माणसे घरी येऊन बसतात, शेजारून पिठले-भात येतो. पण जो माणूस समोर बसून जेवतो आहे आणि तरीही थोडाथोडा निघून चालला आहे, त्याच्या वियोगासाठी आपल्याजवळ कोणताही विधी नाही. तुम्हाला गणित शिकवणारे, परगावाहून आल्यावर हिशेब विचारणारे बाबा तुम्ही गमावत आहात, आणि आजचे बाबा तुमच्याजवळ आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतली कोणती तरी एकच निवडण्याची सक्ती स्वतःवर करू नका.

रात्री स्वतःला दोष देण्याविषयी थोडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत विकसित केली आणि मानसशास्त्रज्ञ डॉ. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती मराठीत आणली. आपल्या क्लेशाच्या मुळाशी बहुधा एखादी अट्टाहासी मागणी असते, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. मराठीत ही मागणी ओळखणे सोपे आहे, कारण ती ‘च’ या एका अक्षरात मावते. ‘मी चिडता कामाच नये’, ‘बाबांना आठवलेच पाहिजे’ अशी वाक्ये तुमच्या मनात येत असतील, तर ती वहीत लिहून काढा आणि तो ‘च’ खोडून वाक्य पुन्हा लिहा. ‘मी चिडले नसते तर मला आवडले असते, आज मी चिडले, उद्या पहिल्या तीन वेळांना तरी वेगळे उत्तर देऊन पाहीन.’ हे वाक्य सौम्य आहे आणि अधिक खरेही आहे.

एकट्या माणसाच्या शक्तीला मर्यादा असते, हेही जसे आहे तसे पाहण्यातच येते. भावंडे असतील तर ‘मदत करा’ असे मोघम न सांगता ‘रविवारी सकाळी नऊ ते एक तू बाबांजवळ थांब’ असे नेमके सांगा. शक्य असल्यास दिवसाचे काही तास मदतनीस ठेवा, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ पासून या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करते. ज्यांच्या घरी हेच चालू आहे अशा माणसांशी बोलणे अनेकांना औषधासारखे लागू पडते. फारच असह्य झाले तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षे झाली. पती दारू पिऊन मारतात. माहेरी सांगितले तर ‘जुळवून घे, मन शांत ठेव, परिस्थिती स्वीकार’ असे ऐकवतात. ध्यानाच्या वर्गातही स्वीकाराचेच सांगतात. मी चुकते आहे का? (नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : तुम्ही चुकत नाही. तुम्हाला जे सांगितले जात आहे त्याला सहन करणे म्हणतात, आणि त्याला स्वीकाराचे नाव देणे ही तुमची फसवणूक आहे.

तुमच्या बाबतीत स्वीकाराला एकच स्थान आहे. ‘दारू सुटली की मारणे थांबेल’, ‘मूल मोठे झाले की सुधारतील’ अशा आशेवर नऊ वर्षे गेली असतील, तर हा माणूस मला मारतो आणि आजवर तो थांबलेला नाही, हे वास्तव कोणतीही सबब न जोडता मान्य करा. ते मान्य झाले की पुढचा प्रश्न मन शांत ठेवण्याचा राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क तुम्हाला या कायद्याने मागता येतो. त्याखेरीज संरक्षण आदेश, निर्वाह खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांसाठीही न्यायालयाकडे जाता येते. अर्ज करण्यास संरक्षण अधिकारी मदत करतात. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठीचा क्रमांक १५१०० आहे. महिला मदतवाहिनी १८१ आहे आणि त्या क्षणी जिवाला धोका वाटला तर ११२ फिरवावा. महत्त्वाची कागदपत्रे, थोडे पैसे आणि एक-दोन क्रमांक विश्वासातल्या मैत्रिणीकडे आजच ठेवून द्या. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद करून घ्या. ज्या वर्गात मारहाण ‘स्वीकारायला’ शिकवतात, तो वर्ग खुशाल सोडावा.

प्रश्न : निवृत्त होऊन दीड वर्ष झाले. रात्री अंथरुणावर पडलो की जुन्या चुका आठवतात. हे विचार घालवण्याचा खूप प्रयत्न करतो, पण ते वाढतच जातात आणि दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : विचार घालवण्याच्या प्रयत्नानेच ते वाढत असावेत. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका असे सांगितले गेले, आणि विचार आलाच तर घंटा वाजवायला सांगितले गेले. घंटा वाजतच राहिली. पुढे त्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही जास्त वेळा आला. आलेला विचार गेला की नाही हे तपासण्यासाठी मनाला तो पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, असे त्याचे कारण दिले जाते.

झोपेचेही तसेच आहे. प्रयत्नाने झोप आणता येत नाही. प्रयत्न म्हटला की जागेपणा आलाच. म्हणून काही आठवडे झोपेशी झगडणे थांबवून पाहा. रोज एकाच वेळी उठा, आदल्या रात्री कितीही कमी झोप झाली असली तरी. झोप यायला लागल्यावरच अंथरुणावर जा. साधारण वीस मिनिटे झाली असे वाटूनही झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी साधे वाचा, आणि डोळे जड झाल्यावरच परत या. घड्याळ नजरेसमोर ठेवू नका. जुनी चूक आठवली तर ‘हो, ते झाले होते’ एवढे मनाशी म्हणा, त्यावर खटला चालवू नका. ज्या चुकीबद्दल आजही कोणाला भेटून बोलता येण्यासारखे असेल, ती संध्याकाळी वहीत लिहा आणि भेटीचा दिवस ठरवा. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा तूर्त बंद ठेवावा. पहिले काही दिवस थकवा वाढेल, तो अपेक्षित आहे.

घरची मंडळी तुम्ही जोरात घोरता, झोपेत श्वास अडकतो असे सांगत असतील तर आधी डॉक्टरांकडे जावे. पहाटे तीन-चारला जाग येऊन दिवसभर उदास वाटणे, कशातच रस न वाटणे आणि भूक मंदावणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर त्याच दिवशी बोला.